उभ्या ओळी

पत्राचे पैसे घेणाऱ्यानं द्यायचे, असा तेव्हा नियम होता.
बाबांनी टपालवाल्याच्या हातावर सात पेन्स मोजले
म्हणून पत्र आधी बाबांचं,
मग चार माणसांचं,
आणि उरलं तर माझं.

लेटिसनं कागद वाचवला होता.
आधी आडवं लिहून पान भरलं,
मग पान फिरवून त्याच ओळींवरून उभं,
वाळुंजाची टोपली विणावी तसं,
एक काडी वर, एक काडी खाली.

बैठकीत त्या दुपारी मिस्टर थर्केल बसले होते.
लिंकनशरच्या दलदलीत चर कुठून खणायचे ते मोजणारे,
बुटांवर वाळका चिखल, वर्षाला एकशे ऐंशी पौंड.
आईच्या मते जेमतेम स्थळ,
पण तिसरी मुलगी उजवायला जेमतेमही पुरे.
चहा मात्र तिनं कुलूपबंद डब्यातला काढला होता.

बाबा आडव्या ओळी वाचू लागले:
नवं घर कोरडं आहे, चिमणी धूर नीट ओढते,
सासूबाईंनी चांदीचे चमचे माझ्या ताब्यात दिले,
चर्चमध्ये आमचा बाक पुढून दुसरा.
प्रत्येक ओळीला आई मान हलवायची,
वाण्याच्या यादीवर खूण करावी तशी.

मग चष्मा काढून बाबा म्हणाले,
"हे उभं काही मला लागत नाही.
हेस्टर, तुझे डोळे कोवळे आहेत."

मी पान फिरवलं.

हे फक्त तुला.
ते मारत नाहीत, ओरडत नाहीत.
जेवताना मीठ मागतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ.
ऑक्टोबरपासून मला कुणी नावानं हाक मारलेली नाही.
काल विहिरीत वाकून मीच म्हणाले, लेटिस.
घाई करू नकोस, हेस्टर. आई रडली तरी.

"मोठ्यानं वाच की," आई म्हणाली.

आणि माझ्या तोंडून कोंबड्या निघाल्या.
"लेटिस म्हणते, तिनं अकरा कोंबड्या पाळल्यात.
एक लंगडी आहे.
तांबडी अंडी देत नाही, नुसती रुसून बसते,
पण तिला विकायचा जीव होत नाही..."

"अकरा!" म्हणत आईनं समाधानानं केक कापला.
पिसांनी लेटिसला शिंका येतात.
लहानपणी उशीसुद्धा लोकरीची लागायची.
पण सोयीचं असलं की
घरात कुणाला काही आठवत नाही.

नंतर आम्हाला बागेत पाठवलं,
अर्धा तास, खिडकीतून दिसेल इतक्या अंतरात.
नाशपातीच्या झाडापर्यंत ते गप्प.
मला वाटलं, आता विचारतील,
जे विचारायला त्यांना बोलावलंय ते.
ते म्हणाले,
"माफ करा, ओळी बघणं हे माझं कामच आहे.
तुमचे डोळे एकाच ओळीवर थांबले होते
आणि कोंबड्या मात्र चालतच होत्या."

मी हातमोज्याचं बटण लावलं, काढलं, लावलं.

"बहिणीचं घर इथून चव्वेचाळीस मैल ना?
गुरुवारी मला त्याच बाजूला जायचंय.
गाडीत जागा आहे. तुमच्या डॉर्कस आत्या सोबत आल्या
तर आईंची ना नसेल."

"आणि आता काय बोलणं झालं म्हणून आई विचारेल त्याचं?"

त्यांनी टाचेचा चिखल दगडावर खरवडला. बराच वेळ.
"सांगा, कोंबड्यांविषयी."

मी हसले, ते आईला खिडकीतून दिसलं.
ती लगबगीनं आत वळली.
चादरी मोजायला घेतल्या असणार, उशांचे अभ्रे,
वर नाव कुठल्या रंगात काढायचं तेसुद्धा.
मला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी वेगळ्याच मोजणीत होते.
डॉर्कस आत्याची नजर तिखट,
आणि गुरुवारपर्यंत अकरा कोंबड्या
आणायच्या कुठून,
त्यात एक लंगडी.